मंदिरापासून कुरणापर्यंत : ताराबाई मोडक यांचे शैक्षणिक चरित्र

१

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराच्या इतिहासात शाळेचे दार कोणासाठी उघडे आहे, हा प्रश्न दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली; राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला; कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. जात, लिंग आणि दारिद्र्य यांनी लावून घेतलेली दारे या परंपरेने उघडली, आणि मुलाला त्या दारापर्यंत येता यावे म्हणून वसतिगृहांसारख्या सोयीही उभ्या केल्या. तथापि या थोर प्रयत्नांत दोन गोष्टी सामान्यतः गृहीत धरलेल्या दिसतात. शिक्षणाचा प्रारंभ सहा-सात वर्षांच्या वयापासून होतो, ही पहिली. आणि शाळा एका जागी स्थिर असून मुलाने तिच्याकडे यावयाचे असते, ही दुसरी.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्या आयुष्याचे महत्त्व असे की, या दोन्ही गृहीतांना त्यांनी प्रत्यक्ष कामातून आव्हान दिले. पहिले गृहीत त्यांनी तिशीच्या सुरुवातीलाच सोडले. दुसरे सोडण्यास मात्र त्यांना आणखी दोन दशकांहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी आधी उभे केलेले काम मागे ठेवून पुढे जावे लागले. त्यांच्या चरित्राचा हा उत्तरार्ध बऱ्याचदा केवळ सेवाभावाची कथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः ती एका शैक्षणिक विचाराच्या क्रमशः झालेल्या दुरुस्तीची कथा आहे.

या दुरुस्तीचा आलेख भाषेतही उमटलेला आहे. ताराबाईंनी ज्या संस्थांत व उपक्रमांत काम केले त्यांची नावे क्रमाने मांडली तर बालमंदिर, शिशुविहार, बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा अशी मालिका तयार होते. मंदिर आणि विहार हे संस्कृत वळणाचे, पावित्र्याची छटा असलेले शब्द होत. तेथे जाणाऱ्याने पाय धुऊन जावयाचे असते. वाडी ही लोकवस्तीची जागा, अंगण हे घराचाच भाग, आणि कुरण तर गावाच्याही बाहेरचे. शब्दांचा हा उतार म्हणजेच ताराबाईंच्या कार्याची चढण आहे, या दृष्टीने त्यांचे चरित्र पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाच्या घरांतून मुलींचे शिक्षण, प्रौढविवाह आणि जातिभेदनिरपेक्ष व्यवहार या गोष्टी केवळ चर्चेच्या राहिल्या नव्हत्या. ताराबाईंचे शिक्षण या वातावरणात झाले आणि १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मराठी घरांतून पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया त्या काळात फारच थोड्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे वजन कळते.

अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बाह्यतः अनुकूल वाटणारा हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. शिकलेल्या स्त्रीलाही विवाहाबाहेर सामाजिक स्थान जवळजवळ नव्हते, अशा काळात लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्यांनी स्वतंत्र आयुष्य उभे करण्याचे ठरवले. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पगार, प्रतिष्ठा आणि स्थैर्य या तिन्ही दृष्टींनी हे पद मोलाचे होते. एका एकाकी आईने ते जन्मभर सांभाळले असते तरी कोणी नवल केले नसते. ताराबाईंनी ते थोड्याच काळात सोडले.

या निर्णयाचा अर्थ लावताना दोन बाबी एकत्र पाहाव्या लागतात. अध्यापिका घडवण्याचे काम करताना प्रचलित शाळेची घडण त्यांना जवळून दिसली. घोकंपट्टी, धाक आणि शिक्षा यांवर चालणारी ती शाळा होती. त्याच वेळी त्या स्वतः एका लहान मुलाच्या पालक होत्या. शाळेत येण्यापूर्वीच मूल कितीतरी शिकलेले असते आणि शाळा त्यातील बरेचसे पुसून टाकते, हा विचार त्यांच्या पुढील सर्व लेखनाचा पाया आहे. त्या विचाराला शास्त्रीय आधार देणारा प्रयोग राजकोटपासून फार दूर नव्हता.

३

भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मारिया मोंटेसरी या इटालियन विदुषीने १९०७ मध्ये रोममधील एका गरीब वस्तीत सुरू केलेल्या बालगृहातून जी पद्धती विकसित झाली, तिचा परिचय होताच त्यांनी वकिली सोडून बालशिक्षणाला वाहून घेतले. १९२३ च्या सुमारास ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या.

भावनगरच्या वास्तव्यात ताराबाईंच्या विचारांची बैठक पक्की झाली. अडीच-तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतचा काळ हा शिक्षणपूर्व काळ नसून शिक्षणाचा सर्वांत ग्रहणक्षम काळ आहे. मूल इंद्रियांच्या द्वारा आणि हातांच्या कामातून शिकते. बक्षीस आणि शिक्षा ही दोन्ही बाहेरून लादलेली प्रलोभने असून दोहोंनीही स्वयंस्फूर्तीची हानी होते. शिस्त ही आज्ञेतून येत नाही, कामातील तन्मयतेतून येते, ही या विचाराची प्रमुख सूत्रे होत. ती मोंटेसरीप्रणीत असली तरी भावनगरला त्यांना लोककथा, लोकगीते, नाट्य आणि निसर्गनिरीक्षण यांची जोड मिळाली. मोंटेसरी यांनी लहान मुलांच्या शिक्षणात कल्पितकथेला गौण स्थान दिले होते. गिजुभाईंनी मात्र गोष्ट हे शिक्षणाचे मध्यवर्ती साधन मानले. पद्धतीचे अनुयायित्व आणि पद्धतीचे गुलामपण यांतील भेद ताराबाई येथे शिकल्या. पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी दाखवलेल्या स्वातंत्र्याचे मूळ या शिकवणीत आहे.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. एका गावातील एक आदर्श शाळा यापलीकडे जाऊन बालशिक्षणाला चळवळीचे रूप देणे, शिक्षक घडवणे आणि पालकांचे मत तयार करणे हे संघाचे हेतू होते. गिजुभाईंबरोबर त्यांनी गुजरातीत बालसाहित्यमालेचेही काम केले. मराठी भाषक स्त्रीने गुजरातीत इतक्या आत्मीयतेने काम करावे, ही गोष्ट दोन भाषांतील देवघेवीच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

४

या चळवळीचे मुखपत्र म्हणजे ‘शिक्षणपत्रिका’. गुजरातीत निघणाऱ्या या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी या लेखनाकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

शिक्षणविषयक मराठी लेखन तोपर्यंत बहुधा शिक्षकाला, शिक्षणखात्याला अथवा सुशिक्षित समाजाला उद्देशून होत असे. ताराबाईंच्या लेखनाचा वाचक आई-बाप हा आहे. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, वस्तू का मोडते, जेवताना का रडते, असे घरगुती प्रश्न त्यांनी विचाराचे विषय बनवले. कारणमीमांसा करताना त्या बहुधा मुलाच्या बाजूने उभ्या राहतात आणि दोषाचे केंद्र मुलाकडून मोठ्यांच्या वागणुकीकडे सरकवतात. भाषा सोपी, वाक्ये आटोपशीर, उदाहरणे स्वयंपाकघरातील आणि ओसरीवरील. मानसशास्त्रीय संकल्पना परिभाषेच्या ओझ्याशिवाय मराठीत आणण्याचे हे काम स्त्रियांच्या वैचारिक गद्याच्या परंपरेत महत्त्वाचे ठरते. मूल हा वैचारिक लेखनाचा स्वतंत्र विषय होऊ शकतो आणि त्याची बाजू मांडणारा वकील असावा लागतो, ही जाणीव मराठीत रुजवण्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे.

भावनगर सोडल्यानंतर ताराबाई मुंबईत आल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. बालवर्गाबरोबर अध्यापनवर्गही चालवून त्यांनी मराठी व गुजराती शिक्षिकांच्या पिढ्या तयार केल्या. दादरच्या हिंदू कॉलनीसारख्या वस्तीतील नोकरदार मध्यमवर्गाने या शिक्षणाचे स्वागत केले. १९३९ मध्ये मोंटेसरी स्वतः भारतात आल्या, महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम वाढला, आणि शहरांतून त्यांच्या पद्धतीचा बोलबाला झाला.

या यशातच एक अडचण दडलेली होती. लाकडी दट्ट्यांच्या पेट्या, मनोऱ्याचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे अशी मोजमापाने घडवलेली साधने महाग होती. प्रशस्त जागा आणि प्रशिक्षित शिक्षिका यांचाही खर्च होता. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धती भारतात येईपर्यंत सुखवस्तू घरांच्या आवाक्यातील वस्तू झाली. १९३१ मध्ये लंडन येथे मोंटेसरी यांच्या संस्थेत बोलताना गांधीजींनी भारतातील कोट्यवधी गरीब मुलांचा प्रश्न उपस्थित केला होता. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत नयी तालीमचा विस्तार करण्यात आला आणि सात वर्षांखालील मुलांचे शिक्षण हा तिचा एक टप्पा मानला गेला. कस्तुरबांच्या निधनानंतर (१९४४) त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम सुरू होत होते. दादरमध्ये जे सिद्ध झाले ते खेड्यात सिद्ध होईल काय, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नव्हता.

५

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्ह्यातील) समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डीला आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्यांच्या शैक्षणिक कार्याची पार्श्वभूमी होती. याच वर्षी बोरिवली येथील कस्तुरबा निधीच्या शिबिरात त्यांची गाठ अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्याशी पडली. बालपणीच विधवा झालेल्या, पुण्यात शिक्षिकेचे काम करीत असलेल्या अनुताई या केंद्रात आल्या आणि अखेरपर्यंत त्या कार्याच्या झाल्या. गुरुशिष्या म्हणून सुरू झालेले हे नाते समान सहकारितेत परिणत झाले. ताराबाईंच्या कल्पनांना गावपातळीवर देह मिळाला तो बहुतांशी अनुताईंमुळे.

बोर्डीतील बालवाडी गावातील मुलांनी भरली, परंतु हरिजन वस्तीतील आणि वारली पाड्यांतील मुले तेथे येईनात. दार उघडे होते, फी नव्हती, मज्जाव नव्हता. तरीही ती येत नव्हती. ताराबाईंच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक क्षण हाच म्हणावा लागेल. अशा वेळी सुधारकाजवळ दोन तयार उत्तरे असतात : लोक अज्ञानी आहेत म्हणून प्रबोधन करावे, किंवा ते बेफिकीर आहेत म्हणून सक्ती करावी. ताराबाईंनी तिसरा मार्ग घेतला. मूल शाळेत येत नाही, याचा अर्थ शाळा मुलासाठी बनलेली नाही, असे त्यांनी मानले. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागली. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांची तोंडे धुऊन केस विंचरावयाचे आणि गाणी, गोष्टी, खेळ यांनी वर्ग सुरू करावयाचा. अंगणवाडी ही संकल्पना अशा प्रकारे व्यवहारातून आकाराला आली.

साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. इंद्रियशिक्षणासाठी लहानमोठेपणा, खरखरीत-गुळगुळीतपणा, रंग, वजन, आवाज यांची श्रेणी लागते. ती शिंपले, चिंचोके, पाने, बिया, खडे आणि माती यांतूनही लावता येते. तत्त्व कायम ठेवून साधन बदलले की पद्धतीचा खर्च जवळजवळ उरत नाही. मोंटेसरी-विचाराचे हे देशीकरण विद्वत्सभेतील वादातून झाले नाही, अंगणातील गरजेतून झाले.

६

यापुढचा टप्पा १९५७ मध्ये सुरू झाला. ताराबाई पासष्टीच्या होत्या. बोर्डीहून केंद्र कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले, कारण वारली मुलांपर्यंत पोहोचावयाचे तर त्यांच्या पाड्यांमध्येच राहणे आवश्यक होते. या प्रदेशाची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या स्थलांतराचा अर्थ कळत नाही. डहाणू, उंबरगाव, तलासरी या भागांत वेठबिगार रूढ होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली जोडपी जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबत आणि त्यांना लग्नगडी म्हटले जाई. १९४५ मध्येच गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या व्यवस्थेविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. परुळेकरांचा मार्ग संघर्षाचा, ताराबाईंचा रचनेचा. एकीकडे मालकासमोर ताठ उभे राहणारा माणूस घडत होता, दुसरीकडे त्याचे मूल पाटीवर पहिली रेघ ओढत होते. एकाच भूमीवर, एकाच काळात चाललेल्या या दोन कामांना परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. त्या मुलांच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही आवश्यक होती.

कोसबाडला असे दिसून आले की, सहा-सात वर्षांपुढील मुले दिवसभर गुरे राखतात. त्यांच्या मजुरीवाचून घर चालत नाही. त्यांना शाळेत आणणे म्हणजे घरातील भाकरी काढून घेणे. तेव्हा शाळाच कुरणावर नेण्यात आली. गुरे चरत असताना झाडाखाली मुले जमत. झाडेझुडपे, पक्षी, ऊनसावली हाच अभ्यासविषय, आणि त्यातूनच अक्षर व अंक. हीच कुरणशाळा. जे मुलाचे काम होते तेच त्याच्या शाळेचे वेळापत्रक झाले.

दुसरी अडचण मुलींची होती. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते खाली ठेवल्याशिवाय तिच्या हातात पाटी येणार नव्हती. यावर विकासवाडी हा उपाय निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच आवारात, एकमेकांना जोडून चालवावयाची. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि त्यांना सांभाळणारी मोठी बहीण पाठशाळेत. वरवर साधी वाटणारी ही मांडणी शैक्षणिक विचाराच्या दृष्टीने मूलगामी आहे. शिक्षणाचे एकक एकटे मूल नसून भावंडांसह असलेले घर आहे, हे तिने मान्य केले. शिवाय मोठी मुले लहानांचे खेळ व शिकणे रोज पाहत, त्यामुळे वर्गावर्गांतील भिंतीही विरळ झाल्या.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म होता. वारली मुलाची घरची बोली आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी यांत मोठे अंतर आहे. त्या अंतराला मंदबुद्धी समजण्याची चूक शाळा सहज करते. गाणे, गोष्ट आणि कृती यांना आरंभी दिलेल्या प्राधान्यामुळे मुलाला बोलण्यास अवसर मिळाला आणि पुस्तक त्यामागून आले. बोली आणि शिक्षण यांच्या संबंधाचा आज जो विचार होतो, त्याची पूर्वपीठिका शोधताना कोसबाडची दखल घेणे अगत्याचे आहे.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडची धुरा अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके वाहिली.

७

ताराबाईंच्या कार्याचे मूल्यमापन करताना काही मर्यादांचा निर्देश करणे योग्य होईल. आरंभीच्या काळात स्वच्छतेवर दिलेला भर नागर मध्यमवर्गीय दृष्टीतून आलेला होता. आदिवासी मुलाला प्रथम स्वच्छ करावे, मग शिकवावे, या क्रमात सुधारकाचे वरचेपण डोकावते. मुलाच्या मजुरीशी जुळवून घेणाऱ्या शाळेने त्या मजुरीचे मूळ कायम ठेवले, असाही आक्षेप घेता येईल. पहिला आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो, मात्र पाड्यातील सहवासाने ही दृष्टी उत्तरोत्तर बदलत गेली, हे कुरणशाळेच्या कल्पनेवरूनच दिसते. दुसऱ्या आक्षेपाबाबत असे म्हणता येईल की, जमीनधारणेचा प्रश्न शाळेने सोडवावा ही अपेक्षा अवाजवी आहे. तो सुटेपर्यंत मुलाचे बालपण मात्र थांबून राहत नाही.

त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणात वापरात आलेला एक मराठी शब्द देशभर गेला. तथापि नाव जितके पसरले तितका आशय पसरला नाही. योजनेत पोषण व आरोग्य यांना अग्रक्रम मिळाला, शिक्षण मागे पडले. आणि ज्या शिक्षिकेवर ताराबाईंची सारी भिस्त होती, ती मानधनावरील सेविका ठरली. तिला उपदानाचा हक्क आहे हे मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील निर्णयाची वाट पाहावी लागली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो सहा ते चौदा या वयोगटापुरता. सहा वर्षांखालील मुलांची गणना मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतला खरा. तथापि धोरण म्हणजे हक्क नव्हे.

शिक्षणाच्या संधीचा विस्तार म्हणजे शाळांच्या संख्येतील वाढ, असे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. ताराबाईंच्या चरित्रावरून त्याची वेगळी व्याख्या करता येते. मूल जेथे आहे, ज्या कामात आहे, ज्याला कडेवर घेऊन उभे आहे आणि ज्या बोलीत बोलते आहे, तेथपर्यंत जाण्याची शाळेची तयारी म्हणजे संधी. या तयारीसाठी त्यांनी प्रथम प्राचार्यपद सोडले, मग भावनगर, मग दादर आणि शेवटी बोर्डी. प्रत्येक वेळी मागे राहिलेली संस्था अधिक सोयीची आणि पुढे असलेली जागा अधिक अवघड होती. मराठी शिक्षणविचाराच्या इतिहासात त्यांचे स्थान ठरवताना त्यांनी काय उभारले याबरोबरच कशासाठी काय मागे ठेवले, याचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.